कार्ल्याहून परतताना

शैलेशने मला एसटीत जवळजवळ ढकललंच. लोणावळ्याच्या स्टँडवर पनवेलची गाडी लागली होती. माझ्या दोन्ही तळव्यांना फोड आलेले, तरी हा माझं कोपर धरून "मामी, चला, मामी, चला" करत होता. जणू ही गाडी गेली की पनवेलला पुन्हा गाडीच नाही.

शैलेश म्हणजे माझ्या नणंदेचा, मैनाचा मुलगा. रिक्षा चालवतो, दोन पोरांचा बाप आहे, पण घाई अजून शाळकरी पोराची. मैना, तो आणि मी, आम्ही तिघं पनवेलच्या कोळीवाड्यातून पालखीबरोबर चालत कार्ल्याला एकवीरा आईच्या दर्शनाला आलो होतो. नवस माझा होता. आमचे हे होळीपासून अंथरुणाला खिळलेले, छातीत कफ दाटलेला. दवाखान्यातून घरी सोडताना डॉक्टर माझ्या पोराला, गणूला, बाजूला घेऊन काहीतरी बोलले. मला बोलावलं नाही, म्हणून मीही विचारलं नाही. घरी सोडलं म्हणजे बरं आहे, असं माझं मीच ठरवून टाकलं आणि आईला बोलले, अनवाणी येते, यांना उठवून बसव.

निघताना उशीवरून मला म्हणतात, "मासलीच्या पाटीमागं बसून बसून तुला मुळं फुटलीत. तू काय खालापूरच्या पुढं जात नाय."

मी म्हटलं, "येताना चिक्की आनते. दात हायत का तेवढं बघून ठेवा."

एवढंच बोलणं झालं.

आणि आता दर्शन झाल्याबरोबर या मायलेकांना घाई सुटली होती. पालखीतली बाकीची माणसं डोंगराखाली मुक्कामाला राहिली, चुली मांडल्या. माझाही कोंबडा बोललेला होता. शैलेश म्हणाला, पुढच्या वर्षी द्या. मी म्हटलं, आईला काय हप्त्याने देतोस का? चिक्कीच्या दुकानासमोरही त्याने थांबू दिलं नाही. घरी लावायला मोबाईल मागितला तर म्हणे चार्जिंग संपलं.

मैनाला तर मी सकाळपासून धूत होते. एवढा खंडाळ्याचा घाट चढून आलेली बाई देवळाच्या पायऱ्यांशी बसून राहिली. गुडघे दुखतात म्हणे. मी चारचौघींत बोलले, "भावासाठी एवढं बी होत नाय तुझ्याकडनं? माहेरची मासली खाताना गुडघे दुखत नायत ते." एरवी एका शब्दाला चार शब्द परत करणारी. आज नुसती पायरीवरची धूळ बोटाने पुसत राहिली.

गाडी घाट उतरायला लागली. इथे मी बसले होते, इथे मैनाने माझ्या टाचेला हळद लावली होती, असं बोट दाखवून सांगेपर्यंत ती जागा मागे गेलेली असायची. दिवसभराचा घाट त्या गाडीने बघता बघता गिळला. मला ते आवडलं नाही.

खोपोली जवळ आली तेव्हा मी पिशवीतून कुंकवाची पुडी काढली. पुढच्या सीटवरच्या पोरीला लावलं. कंडक्टर आला, त्याला म्हटलं, टोपी काढ. त्याने कपाळ पुढे केलं आणि वर म्हणतो, "मावशी, माझ्या बदलीचं पण बघायला सांगा आईला."

"तुझ्या सायबाला घेऊन ये, त्याला बी लावते."

गाडीत हशा पिकला. हसत हसतच मी मैनाकडे वळले. माझं बोट तिच्या कपाळाजवळ गेलं आणि तिने मान मागे घेतली.

झटक्याने नाही. हळूच. भिंतीला टेकावी तशी.

सवाशीण बाई, नवरा धडधाकट, आणि आईच्या कुंकवाला मागे सरते. आमच्यात असं एकाच वेळी होतं. सुतक असलं की देऊळ चढायचं नाही, कुंकू घ्यायचं नाही. सासरी कोणी गेलं असतं तर शैलेशलाही सुतक लागलं असतं. तो तर माझ्याबरोबर वर येऊन नारळ फोडून आला होता. म्हणजे माहेर. आणि माहेरी तिला एकच भाऊ.

बोटाचं कुंकू मी पुडीत परत झटकलं. पुडी बांधून पिशवीच्या तळाला ठेवली.

खोपोलीच्या स्टँडवर गाडी थांबली. ड्रायव्हर, कंडक्टर चहाला उतरले. शैलेशही माझ्याकडे न बघता उतरला. मी खिडकीबाहेर बघत विचारलं, "कवा?"

"काल दिवेलागनीला. आपन लोनावल्यात पोचलो तवा गणूचा फोन आला."

"रातभर माझ्या बाजूला झोपलीस."

"झोपले नाय."

मला तिच्या थोबाडीत मारावीशी वाटली. आज सकाळी मी आईसमोर पदर पसरून उभी होते, यांना उठवून बसव म्हणून मागत होते. आईने सगळं ऐकून घेतलं. तिला तर माहीत असणार. मैनालाही माहीत होतं, शैलेशलाही. एक मीच काय ती बाकी होते.

मैना खालच्या आवाजात म्हणाली, "डोंगर समोर दिसत हुता, वयनी. सांगितलं असतं तर तू तिथंच खाली बसली असतीस. तुजे पाय मना बघवत नव्हते. ते फुकट जायाला नको हुते."

मी दुसरंच विचारलं.

"नेला का?"

"नाय. बर्फावर ठेवलाय. गणू दारात बसलाय. आई येइस्तवर कोनाला हात लावू देनार नाय बोलतो."

मग तिने बाकीचं सांगितलं. भावकी गणूवर चिडली होती. चैत्राचं ऊन, माणूस किती वेळ ठेवणार? शेवटी दुपारपर्यंत थांबायचं ठरलं, त्याच्यापुढे नाही. ऊन तर आत्ताच डोक्यावर यायला लागलं होतं, आणि गाडी चहाला उभी होती.

मी उतरले. स्टँडवरचं डांबर तापलेलं, फोड फुटून ओले झालेले, तशीच चालत चहाच्या टपरीवर गेले. कंडक्टर बशीत चहा ओतत होता. कपाळावर मी लावलेलं कुंकू तसंच.

"माझा मानूस गेलाय," मी म्हटलं. "माझ्यासाठी ठेवलाय. दुपारच्या आत पोचव."

त्याने बशी खाली ठेवली. ड्रायव्हरला हाकही मारली नाही, नुसतं बघितलं. दोघांचे चहा तिथेच राहिले. पुढे थांबे आले तशी गाडी थांबली, पण माणसाचा पाय पायरीवर पडतोय तोवर घंटी वाजायची. चौक गेलं. शेडुंग गेलं. कोणी कुरकुरलं नाही. पुढच्या सीटवरच्या पोरीने मागे वळून एकदा माझ्याकडे बघितलं आणि मान फिरवली.

मैना म्हणाली, "वयनी, आता रडू?"

"रड. पन आवाज नको."

तिने पदर तोंडात धरला आणि पनवेलपर्यंत नुसती हलत राहिली. मी तिचा हात धरला नाही. धरला असता तर मीही हलले असते, आणि चारचौघांत मी आजवर कधी रडलेली नाही.

पनवेल स्टँडवर शैलेशचा दोस्त रिक्षा घेऊन उभा होता. मासळी बाजारावरून गेलो. आमच्या रांगेत एकही पाटी मांडलेली नव्हती.

गल्लीच्या तोंडाशी पुरुष उभे होते. तिरडी बांधून भिंतीला लावलेली. गणू दारातून उठला, आई म्हणाला आणि मला वाट द्यायला बाजूला झाला. आत बायकांनी मला बघून गळा काढायला तोंडं उघडली. मी हात वर केला. थांबल्या.

आमचे हे मधल्या खोलीत होते. दाढी केली होती कोणीतरी, गाल गुळगुळीत. खाली बर्फाच्या लाद्या, दोन्ही कुशींना लाद्या, आणि एक गोणपाटात गुंडाळून छातीवर ठेवलेली. होळीपासून या छातीवरचा स्वेटर मी उतरू दिला नव्हता. रात्री कापराचं तेल चोळायचे, खिडकीच्या फटीत चिंध्या कोंबायचे.

"छातीवरची लादी काढा."

कोणी हललं नाही. भावकीतला काशिराम, यांच्याहून वयाने थोरला, हळू आवाजात म्हणाला, "असू दे गो. आता निघायचंच हाय. आता त्याला काय कलतंय."

"त्यांना गार सोसत नाय," मी म्हटलं.

मीच खाली बसले आणि लादी उचलून बाजूला ठेवली. बनियन अंगाला चिकटलं होतं. ते वर सरकवलं आणि पदराने छाती पुसली. कोरडी झाली. बघता बघता तिच्यावर पुन्हा पाणी धरलं. मी पुन्हा पुसली. बाहेर माणसं खोळंबली होती, ऊन कलायला लागलं होतं. कोणी मला ऊठ म्हटलं नाही. मी पुसत होते, आणि ती ओली होत होती.