बगळ्याच्या आधी कमलीबाई

छायाचित्रण ही काळाला जागच्या जागी थांबवणारी जगातली एकमेव कला आहे, असं तय्यबभाईंनी जाहीर केलं, आणि लगेच सभा लवकर आटपायला सांगितलं. कारण निताबाईंची मालेगावची बस थांबत नसते.

मंगरूळपीरच्या हौशी छायाचित्रकार मंडळात चार माणसं होती : अध्यक्ष, उपाध्यक्ष, सचिव आणि खजिनदार. साधा सदस्य व्हायला कोणी राजी झालं नव्हतं. सभा तय्यबभाईंच्या गादीघरात, न खपलेल्या गाद्यांवर भरायची. आज प्रत्येकाने आपला आवडता फोटो आणायचा होता आणि तो कसा काढला ते सांगायचं होतं.

निताबाईंनी वेडा राघू आणला होता. त्याच्यासाठी त्या अनसिंग गावाकडच्या एका शेताच्या धुऱ्यावर डोक्यावरून पोतं घेऊन बसल्या होत्या. राघूने त्यांना ओळखलं नाही. गावकऱ्यांनीही ओळखलं नाही, आणि पोरं पळवणारी समजून या शाळामास्तरणीला सरपंचापुढे उभं केलं. तय्यबभाईंनी दर्ग्यावरची कबुतरं आणली होती. सगळी एकदम उडाली तो क्षण आपण कसा हेरला, हे ते बराच वेळ सांगत राहिले.

"तुमी शिंकले होते, चाचा," मोबाइल दुरुस्तीवाला मोईन म्हणाला. "मी बाजूलेच होतो."

मग रामसिंगची पाळी आली. एसटीतून रिटायर झालेला हा ड्रायव्हर बगळ्यांसाठी प्रसिद्ध होता. त्याने खिशातून फोटो काढून गादीवर ठेवला आणि घाम पुसला. फोटोत बगळा नव्हता.

मंडळ तुटून पडलं.

"काका, फोकस तर मागच्या बाभळीवर गेला."

"डोकं वरून कापलं गेलं, रामसिंगभाऊ."

"बाई कोण आहे ही? अन् तोंड काहून उघडं हाय?"

"कमली आहे," रामसिंग म्हणाला.

फोटोवर टेकलेली बोटं मागे आली.

"कसा काढला ते सांगतो," रामसिंग फोटोकडे बघतच म्हणाला. "धरणावर गेलो का पयले तिले उभी करो. उजेड किती, सावली कुठं, समजलं पाह्यजे ना. तिचा फोटो पाहाचा, मशीन लावून घ्याची, अन् तो पुसून टाकाचा. कार्ड भरते. मंग बगळा." तो थांबला. "हा पुसायचा राह्यला, परवा जुन्या कार्डात सापडला. बगळा अचानक उडाला, मी त्याच्यामागं धावलो."

कपाटात बगळ्यांचे ढीग होते. त्याची बायको कमलीबाई गेली तेव्हा हार घालायला घरात तिचा एक फोटो सापडेना. शेवटी आधार कार्डावरचा मोठा करून लावला. त्यात ती अशी दिसते, जणू पोलिसांनी पकडून आणलीय. वर्षभर रामसिंग त्या भिंतीकडे पाठ करून जेवला. येत्या रविवारी वर्षाचा कार्यक्रम होता. तांड्यातली सगळी माणसं येणार, आणि त्याच फोटोला हात जोडणार. त्याच्या जागी हा नीट करून लावता येईल का, असं त्याने विचारलं.

"एवढंच ना, चाचा!" मोईनने फोटोवर मोबाइल धरला. "आता पाहा." बोट दोनदा फिरवलं. बाई लख्ख झाली. सुरकुत्या गेल्या, डोकं उगवलं, ओठ जुळून मंद हसू आलं.

रामसिंगने मोबाइल जवळ नेला, लांब नेला.

"बाई चांगली हाय," तो म्हणाला. "पण मी हिले ओळखत नाही, बाप्पा. अन् तोंड काहून मिटवलं तिचं? ते बोलून राह्यली होती."

"काय बोलत होत्या, काका?" निताबाईंनी हळूच विचारलं.

"तेच तर आठवत नाही ना. मी बगळ्याकडं पाहून राह्यलो होतो."

मोईनने ती हसरी बाई पुसून टाकली आणि म्हणाला, "जसा आहे तसाच मोठा करून देतो. धुरकट."

"हो. तसाच."

तय्यबभाई कितीतरी वेळ नाक शिंकरत होते. मग म्हणाले, "रामसिंगभाऊ, तुमचाही फोटो नाही आमच्यापाशी. उद्या तुमी गेले तं आमी भिंतीवर काय लावावं? बगळा?"

लगेच मंडळाने कॅमेरे उपसले. रामसिंगला दारातल्या उजेडात उभं केलं. निताबाई म्हणाल्या, डावीकडे वळा. तय्यबभाई म्हणाले, उजवीकडे. मोईन म्हणाला, श्वास धरा. सावलीवरून तिघांची जुंपली. हलायचं नाही अशी तंबी मिळालेला रामसिंग समोर एकटक बघत उभा राहिला. ऊन तोंडावर येत होतं. माणसाला इतका वेळ उभं राहावं लागतं, हे त्याला ठाऊक नव्हतं. ती तर रोज उभी राहायची. त्याचे डोळे भरून आले, आणि नेमकं तेव्हाच सगळ्यांचा फोकस जमला. तय्यबभाई कुजबुजले, "या अल्लाह, काय चेहरा आला! हलू नका, भाऊ. काही मनातलं असंल तं बोला."

रामसिंगने तोंड उघडलं.

"लवकर करा ना रे जरा," तो म्हणाला. "मले लघवीले जाचं हाय."