खाचेतली मोटार

कसाऱ्याच्या घाटात विजेची इंजिनं धावू लागली आणि रेल्वेत फिटर असलेल्या कुंडलिकाच्या डोक्यात एक खूळ शिरलं. शेणवे गावचा सावळाराम त्याचा लहानपणचा दोस्त, भातशेती सांभाळून सुतारकाम करणारा. त्याला खूळ लागायला एक रविवार पुरला.

खेळ दिसायला पोरांचा, पण हे दोन बाप्ये तो मिशांना पीळ देऊन खेळत. कुंडलिकाच्या कसाऱ्याच्या खोलीत सावळारामनं सागाच्या फळ्या जोडून वळणावळणाचा रस्ता केला आणि त्यात शेजारी शेजारी दोन खाचा पाडल्या. प्रत्येक खाचेच्या दोन्ही कडांना तांब्याच्या पट्ट्या ठोकल्या, त्यांत बॅटरीची वीज सोडली. मोटार वीतभर लांबीची. तिच्या पोटाखालची खुंटी खाचेत बसे, आणि खुंटीच्या दोन बाजूंच्या धातूच्या जिभा पट्ट्यांवर घासत वीज घेत. खेळणाऱ्याच्या हातात फक्त एक कळ. दाबली की मोटार पळे, सोडली की मंदावे. सगळी अक्कल वळणावर लागे. हावरटासारखी कळ दाबून धरली की मोटार खाच सोडून भिंतीवर आपटलीच म्हणून समजा.

सावळाराम हावरट नव्हता, तरी दर रविवारी हरायचा. ऐन वळणावर त्याच्या मोटारीची वीज तुटायची, ती आचके द्यायची, आणि कुंडलिकाची मोटार पुढं निघून जायची.

"तुझ्या जिभा झिजल्या रे," कुंडलिक हसला. "चांदीच्या बसव, मंग बघू!"

कुंडलिक थट्टेत बोलला. सावळारामच्या मात्र ते डोक्यातून जाईना.

त्याच आठवड्यात भाताच्या झोडणीत गुणाबाईच्या, म्हणजे सावळारामच्या बायकोच्या, पायात काटा मोडला. बोट टम्म सुजलं. तिनं त्या बोटातलं जोडवं काढून देव्हाऱ्यात हळदीकुंकवाशेजारी ठेवलं. सावळारामनं ते गुपचूप उचललं, ऐरणीवर ठोकून पातळ केलं आणि त्याच्या दोन जिभा कापल्या. सूज उतरायच्या आत शहापूरच्या सोनाराकडून तसंच दुसरं आणून ठेवू, असा त्याचा बेत होता. सूज दोन दिवसांत उतरली.

गुणाबाईनं देव्हारा उपसला. चुलीतली राख चाळली, खळ्यातला पेंढा हातानं विसकटून पाहिला.

"उंदरानं नेलं असंल," सावळाराम म्हणाला, आणि म्हणताना त्याला स्वतःचीच किळस आली.

"सवाष्णीचं जोडवं असं जात नाय." ती उंबऱ्यातच बसली. तिचे ओठ पांढरे पडले होते. "काय तरी वंगाळ हाय. तुमी त्या कसाऱ्याच्या तारांखाली नका जाऊ, मी पाया पडते."

कबुली त्याच्या ओठांपर्यंत आली होती. पण रविवार परवावर आला होता. एवढी एक शर्यत होऊ दे, मग सांगू, असं त्यानं मनाशी ठरवलं. बायको भीतीनं वाळत चालली आहे आणि आपण खेळण्याचा विचार करतो आहोत, हे त्याला कळत होतं. कळूनही तो गेला.

तो जिंकला. चांदीच्या जिभांनी एकाही वळणावर वीज सोडली नाही. कुंडलिकानं त्याच्या पाठीत थाप मारली, शेजारपाजारच्या फिटरांनी टाळ्या वाजवल्या. सावळारामला मात्र तिथं उभं राहवेना. मोटार पिशवीत कोंबून तो घरी निघाला.

दिवेलागणीला गुणाबाईनं त्याला ताट वाढलं. नव्या तांदळाचा वाफाळता भात होता. स्वतः मात्र तिनं नाचणीची भाकरी घेतली. भातावर तिचा केवढा जीव. नवा तांदूळ शिजला की ती पातेल्याची खरवडसुद्धा सोडत नसे.

"भात नाय घेतलास गो?"

"सोडला. गावदेवीला बोललेय, माझं कुंकू राख, जन्मात भाताला शिवायची नाय."

सावळारामचा घास हातातच राहिला. त्यानं पिशवी ओढली, मोटार उलटी करून तिच्यापुढं धरली आणि सगळं सांगून टाकलं. सांगताना त्याला रडू आवरेना.

गुणाबाई त्या जिभांकडं बघत राहिली. मग तिनं मोटार त्याच्या अंगावर भिरकावली.

"ह्याच्यासाठी? मी दोन राती डोळा नाय मिटला, ह्या खेळण्यासाठी?"

"चुकलो मी. आताच देवीपुढं जातो. माझ्या खोट्यापायी बोललीस, तो नवस लागू नाय म्हनून सांगतो. तू भात खा."

"ती काय तुमच्यावानी हाय, दिला शबूद फिरवायला? तारांखालून धड परत आलाव ना तुमी? तिनं तिचं केलं. मी माझं करीन."

"मंग मीबी सोडतो. आजपासून."

"तुमी नाय सोडायचा." तिनं डोळे पुसले आणि पातेलं पुढं ओढलं. "तुमी खावा म्हनून तर मी सोडलाय."

आणि तिनं त्याच्या ताटात आणखी भात वाढला.