आरशाच्या कपाटामागे

माझ्या माथ्यावर ओळीने बारीक फटी आहेत. त्यांतून सतत ऊब बाहेर पडते, म्हणून धूळ फटींवर टिकत नाही. दोन फटींमधल्या पट्टीवर मात्र तिचा मऊ, राखाडी थर बसतो. मित्रांनो, मी एक जुना वायफायचा डबा आहे, आणि सध्या मला ही धूळच बरी वाटते. तिच्याआड थोडे तोंड लपवता येते.

कारखान्यातून आम्ही तीन भावंडे एकाच खोक्यात निघालो. जवळजवळ असलेल्या तीन इमारतींनी मिळून इंटरनेटची एकच जोडणी घेतली होती. तिची तार पुढच्या इमारतीत येते. तिथला डबा माझ्याकडे लहरी धाडतो आणि मी त्या मागच्या इमारतीतल्या डब्याला पोचवतो. आमच्यात तार नाही. सगळा व्यवहार हवेतून, हातोहात. माझ्यातून जाणारे बोलणे कुलूपबंद असते, ते मला कळत नाही. खोलीत बोललेले तेवढे ऐकू येते.

मधल्या इमारतीत, एका निजायच्या खोलीत, कोपऱ्यातल्या फळीवर मला बसवले. समोरच्या खिडकीतून मागची इमारत दिसे. बसवणारी तंत्रज्ञ जाताना म्हणाली, "हा मधला आहे. एवढी खिडकी मोकळी ठेवा, म्हणजे झालं."

घरच्या ताईंनी ते मनावर घेतले. त्यांची धाकटी बहीण मागच्या इमारतीत राहते. अडखळत बोलणाऱ्या मुलांना ती पडद्यावरून बोलायला शिकवते. "ताई, तुझ्या डब्यावर माझं पोट आहे बरं का," ती म्हणायची, आणि ताई मला कोरड्या फडक्याने पुसायच्या. ते माझे मानाचे दिवस होते.

मग ताईंनी हौसेने आरशाचे कपाट घेतले. ते माझी फळी आणि खिडकी यांच्या मध्ये उभे राहिले. उरलेल्या फटीतून हात घालून ताई रोज खिडकीची झडप सताड उघडत. खिडकी मोकळी ठेवायची होती ना! मोकळी म्हणजे उघडी, असेच त्यांनी धरले होते. पण आरशाच्या काचेमागे धातूचा पातळ थर असतो. तो उजेड परतवतो, तशाच माझ्या लहरीही परतवतो. मागे जे काही पोचे, ते भिंतींना आपटत, तुटक तुटक. माझा हिरवा दिवा मात्र पुढच्या डब्याशी जोडणी असली की लागतो. तो खुशाल लागलेला असे.

"ताई, नेट सारखं अडकतंय गं."

"आमचं तर पळतंय! हिरवा दिवा दिसतोय मला. तुझ्याच डब्याला धाप लागली असेल. नाचता येईना, अंगण वाकडं!"

धाकटीने तिकडचा डबा बदलून पाहिला. फरक पडला नाही. माझ्या दिव्याची साक्ष काढली जाई, तेव्हा मला विझून जावेसे वाटे.

पुढे रंगारी आले. कपाट बाहेरच्या खोलीत गेले, तोच धाकटीचा फोन. "आज काय जादू केलीस? लख्ख ऐकू येतंय सगळं!"

ताईंनी आधी खिडकीकडे पाहिले, मग बाहेरच्या कपाटाकडे. त्यांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. "काही नाही गं," त्या म्हणाल्या.

रंग वाळल्यावर कपाट परत जागेवर आले. दुसऱ्या कुठल्या भिंतीला ते मावत नव्हते. "यात कपडे कमी आणि तुझं कौतुकच जास्त," ताईंचे यजमान हसले. ताई हसल्या नाहीत. त्यानंतर त्या मला पुसायला कधी फिरकल्या नाहीत.

मग एक दिवस धाकटी आली आणि पलंगाच्या कडेवर बसून राहिली.

"ती छोटी यायची बंद झाली, ताई. स्वतःचं नाव सांगताना अडखळायची ती. तिची आई म्हणते, शेवटच्या तासाला तिने ते एका दमात सांगितलं. मला मधलं अक्षरच ऐकू आलं नाही. मी म्हटलं, पुन्हा म्हण. मग परत, पुन्हा म्हण. तिला वाटलं, आपलंच चुकतंय. आता घरीही नुसती मान हलवते. मूल अडखळतंय की नेट, हेच मला कळेनासं झालंय गं. सोडून द्यावं म्हणते हे काम."

ते अक्षर, कुलूपबंद का होईना, माझ्यापर्यंत धडधाकट आले होते. पुढे मी ते देऊ शकलो नाही, आणि दिवा हिरवाच ठेवला.

मित्रांनो, आम्हाला एक वेळ पुसू नका, पण आमची वाट अडवू नका. आणि कुणाचे बोलणे तुटले, तर बोलणाऱ्याला चूक ठरवण्याआधी मधली वाट तपासा. लहान जीव पटकन स्वतःलाच दोष देतात.

धाकटी जायला उठली. ताई कपाटाला पाठ टेकून उभ्या होत्या. आरशात बघायचे त्यांनी टाळले.

"थांब," त्या म्हणाल्या. "हे कपाटच मध्ये येतंय. रंगारी आले तेव्हाच कळलं होतं मला. बोलले नाही."

"ताई?"

"ये, ही बाजू धर. आज ते या घरातून जातंय. आणि त्या छोटीला फोन लाव. मीच सांगते तिला, बाळा, तू अडखळली नव्हतीस."