दांडा हलवत जा

मी विमानाच्या नाकातला गव्हर्नर बोलतोय. नाव भारदस्त, पण आकार दोन मुठींएवढाच. पंख्याची पाती किती तिरपी ठेवायची, ते मी बघायचो.

माझ्या पोटात छोटी वजनं इंजिनाबरोबर गरगर फिरायची. वरून एक स्प्रिंग त्यांना दाबून धरायची. इंजिन फार पळायला लागलं की वजनं बाहेर फाकायची. मग मी पंख्याच्या डोक्यातलं तेल परत यायला वाट द्यायचो. पाती तिरपी होऊन हवेचा मोठा घास घ्यायची आणि इंजिन दमानं घ्यायचं. ते मंदावलं की वजनं मिटायची. मी गरम तेल पंख्याकडे ढकलायचो, पाती सपाट व्हायची, ओझं हलकं व्हायचं. चालकाच्या हाताशी एक दांडा होता, त्यानं स्प्रिंग आवळायची नाहीतर सैल व्हायची. वेग त्यानं सांगायचा, तो मी सांभाळायचा.

आमचं विमान किर्गिझ डोंगरांवरून पीठ, टपाल आणि आजारी माणसं न्यायचं. फेदोत मेकॅनिक रोज चालकाला बजावायचा, "असाकन, हिवाळ्यात वर गेलास की दांडा मधूनमधून मागेपुढे हलवत जा. पंख्याच्या डोक्यातलं तेल बसून राहिलं की थिजतं."

"तुझी बायको तरी तुला इतकं बजावते का रे?"

"बजावते. म्हणून तर जिवंत आहे."

त्या जानेवारीत काझारमानला सुउसार नावाची एक पोरगेली आई चढली. कुशीत मेंढीच्या कातड्यात गुंडाळलेला तान्हा तुर्सुन. तुर्सुन म्हणजे 'राहो'. आधीची दोन राहिली नव्हती, म्हणून सासूनं हे नाव ठेवलेलं. त्याच्या छातीत घरघर होती. आजच फ्रुन्झे शहरातल्या मोठ्या दवाखान्यात न्या, असं गावच्या डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं.

वर गेल्यावर असाकननं सवयीनं दांडा हलवला. आवाज खाली-वर झाला आणि बाळ दचकून रडायला लागलं. रडता रडता त्याचा श्वासच अडकला.

"बाइके, दादा, नका हो तसं करू! रात्रभर जागाच आहे तो. आत्ता कुठं डोळा लागत होता."

"बरं बाई, नाही हलवत. माझ्या बायकोनं एवढ्या प्रेमानं कधी सांगितलं नाही."

आणि त्यानं खरंच हलवला नाही. बाळ झोपलं. सुउसार खिडकीला कपाळ टेकून बसली. सगळे निवांत होते, जीव टांगणीला फक्त माझा. पंख्याच्या डोक्यातलं तेल बसलं होतं. चरबीसारखं घट्ट होत होतं, ते मला कळत होतं. सांगणार कसं?

शेवटच्या खिंडीवर ढग उतरले. वर चढायला असाकननं जोर दिला. इंजिन सुसाट सुटलं, माझी वजनं फाकली, मी वाट उघडली. पण तेल येईना! पाती सपाटच राहिली. इंजिन असं किंचाळलं की विमानाचे खिळे थरथरले.

असाकननं जोर कमी केला. विमान खाली बसायला लागलं, समोर बर्फाचा कडा. "हल रे माझ्या राजा, हल," म्हणत तो दांडा हळूहळू मागेपुढे करू लागला. मी होतं नव्हतं ते गरम तेल पुढं लोटत होतो. एकदा, दोनदा. तिसऱ्यांदा पाती वळली. इंजिनाचा सूर खाली आला. असाकननं पुन्हा जोर दिला आणि आम्ही कड्यावरून पलीकडे निघालो.

तेव्हा सुउसारच्या ध्यानात आलं. एवढ्या किंकाळीत बाळ हललंच नव्हतं.

"तुर्सुन? ए तुर्सुन!" तिनं त्याचे गाल चोळले, तळवे थोपटले. "बाइके, हा उठत का नाही?"

"हलव त्याला! झोपू देऊ नकोस!"

तिनं त्याला उभं धरलं आणि पाठीवर थापट्या मारल्या. आधी काहीच नाही. मग बारीकसा खोकला आला, आणि मग असं काही भोकाड पसरलं त्यानं! सुउसार हसत होती आणि रडत होती. असाकन ओरडला, "रड, लेका, रड!" आणि उतरेपर्यंत थोड्या थोड्या वेळानं दांडा हलवत राहिला. एकदाही तिनं नको म्हटलं नाही.

तुर्सुन राहिला.

पुढं देश फुटला, विमानं गवतात उभी राहिली. फेदोतनं मला काढून घरी नेलं. आता मी त्याच्या खिडकीत असतो. तेल वाळलंय, वजनं मिटलेली. म्हातारा अधूनमधून येतो आणि उगाच बोटानं माझा आस फिरवून बघतो.

तुमच्याही घरात कुणी फार वेळ गप्प असेल, तर झोपू दे बिचाऱ्याला, असं म्हणून सोडू नका. एकदा हलवून बघा. चिडेल, रडेल. रडू दे.