पिशवीत गेलेलं कातडं

मित्रांनो, मी एक जुनी पायपेटी आहे. प्रार्थनाघरात, डावीकडच्या खिडकीखाली माझी जागा. पायांनी भाता हलवायचा, बोटांनी पट्ट्या दाबायच्या, की मी गाऊ लागते. एका सुतारानं मला घडवलं. त्याच्या मुलीनं मला वाजवायला शिकून घेतलं आणि मुलानं माझी दुरुस्ती. मुलगी आता साठीची झाली. सगळे तिला ताई म्हणतात. तिच्या धाकट्या भावाचा लाकूडकामाचा कारखाना प्रार्थनाघराच्या भिंतीला भिंत लागून आहे.

ताईंचा नेम असा, की रोज सकाळी सहाला दार उघडायचं, मला पुसायचं आणि एक स्तुतिगीत वाजवायचं. अंगात ताप असला तरी नेम चुकला नाही. लोक म्हणायचे, "पेटी नव्हे, सोनं आहे!" मी फुगून जायचे. भाताच तो, फुगणारच!

एका रविवारी मुलांच्या वर्गात एका चिमुरडीनं विचारलं, "ताई, पवित्र आत्मा म्हणजे कोणी आहे, की देवाची ताकद?"

"कोणी आहे, बाळ," ताई म्हणाल्या. "तो शिकवतो, धीर देतो. आपण वाईट वागलो तर त्याला दुःख होतं. ताकदीला कधी दुःख होतं का?"

भाऊ माझी सैल झालेली पट्टी बसवत होता. त्याला राहवेना. "ताई, आत्मा माणसांवर ओतला जातो, असंही बाबांनीच शिकवलंय ना? माणूस काय तांब्यातून ओततात? देवाची ताकदच ती. थांबा रे, दाखवतो!" आणि भल्या माणसानं मुलांसमोर माझ्या भात्याचं कातडंच सोडवलं. "वाजव आता."

ताईंनी पट्टी दाबली. मी मुकी.

"बघितलंत? हवा गेली, सूर गेला!"

"आणि वाजवणारंच नसेल तर?" ताई हळूच म्हणाल्या. "तुझी हवा काय आपणहून गाणं निवडते?"

मुलं खुदकन हसली. भावाचे कान लाल झाले. "नेहमी तुझंच खरं! मग वाजव हवेशिवाय." कातडं पिशवीत कोंबून तो तरातरा निघून गेला. त्यानंतर त्यानं ना प्रार्थनाघराची पायरी चढली, ना बहिणीच्या घराची.

माझ्या पोटात कोळ्यानं जाळं विणलं. वडीलधारी मंडळी म्हणू लागली, "ही अडगळ काढून टाकू."

"महिनाभर थांबा," ताई म्हणाल्या. "तिचं कातडं माझ्याच भावाकडे आहे. ते येईल."

आणि त्या रोज सहाला माझ्यापुढे बसू लागल्या. पाय हलायचे, पट्ट्या नुसत्या खटखट वाजायच्या आणि ताई एकट्या गायच्या. पलीकडे चाललेला रंधा त्या वेळी थांबायचा. मला ऐकू यायचं. ताईंनाही येत असणार.

महिन्याचा शेवटचा दिवस उजाडला. ताईंचा घसा बसलेला. गाणं मध्येच तुटलं. त्यांनी पहिल्यापासून सुरू केलं, पुन्हा तुटलं. त्यांनी पदर सावरला आणि तिसऱ्यांदा सुरुवात केली.

दार करकरलं. भाऊ आत आला. "सरक," एवढंच म्हणाला आणि गुडघ्यांवर बसला. पिशवीतून निघालेलं कातडं मऊसूत होतं, तेल दिलेलं. फाटकी कडही नव्यानं शिवलेली होती.

"माझं मत बदललेलं नाही हं."

"मी कुठे विचारलं?"

"सहा वाजले की रंधा हातातच राहायचा. रोज कोणीतरी आतून म्हणायचं, ऊठ, जा तिच्याकडे."

"कोणीतरी?"

भावानं जीभ चावली आणि कातड्याची शेवटची कड भात्यावर घट्ट बसवली. "आता शब्दात पकडू नकोस, ताई. सूर लाव."

मी इतकी मोठ्यानं गायले, की खिडकीची काच थरथरली.

पुढच्या रविवारी ताईंनी वर्गात पुन्हा ठामपणे सांगितलं, "कोणी आहे." मागून भाऊ जोरात खाकरला. पण त्यानं पिशवी उचलली नाही.

मित्रांनो, मला रोज पुसा, कातड्याला तेल द्या. वादही खुशाल घाला, अगदी देवाबद्दलसुद्धा. मात्र रागावून निघालात तर दुसऱ्याचा श्वास पिशवीत घालून नेऊ नका. आणि नेलाच असेल, तर तो शिवून, मऊ करून परत आणा. सकाळी सहाला दार उघडंच असतं.