देवभात जांभळा कसा झाला

मी देवभात बोलतोय, न पेरता उगवणारा रानभात. घोटीच्या अलीकडे हिरामणचं भातखाचर आहे, त्याला लागून एक डबकं आहे. त्या डबक्याच्या काठाला मी उभा आहे. माझं वय विचाराल तर सांगता यायचं नाही. दर साली मी मरतो आणि दर साली माझ्याच दाण्यातून उगवतो. तेव्हा 'मी' म्हटलं की माझं सगळं कूळ धरा.

मला कुणी पेरलं नाही. दाणा पिकला की तो आपोआप गळून चिखलात पडतो. लोक म्हणतात, वाया गेला. पण आमच्यातले जे दाणे लोंबीला धरून बसले, ते विळ्याखाली गेले आणि कुणाच्या तरी चुलीवर शिजले. जे आधी गळले ते चिखलात राहिले. मी त्या गळणाऱ्यांच्या वंशातला.

हिरामणची आई भागीबाई मला मानायची. ऋषिपंचमीला बैलाच्या कष्टाचं खात नाहीत. पुढच्या सालच्या त्या एका दिवसासाठी ती आश्विनात टोपली घेऊन यायची, लोंबी वाकवून हलकेच झटकायची आणि अर्ध्या लोंब्या तशाच सोडायची. जाताना म्हणायची, "राहा बाबा हितंच. या डबक्याला माझ्या घरचं कुणी हात लावणार नाय."

त्या शब्दावर मी निवांत होतो.

माझी काही पोरं मात्र पाण्याबरोबर बांध ओलांडून खाचरात जायची. तिथं हीच भागीबाई निंदायला उतरली की त्यांना मुळासकट उपटायची. ज्याचं खोड तांबूस, ते आधी जायचं. ज्याचं खोड भातासारखं हिरवं, ते नजरेतून सुटायचं. सुटलेल्यांचीच पोरं पुढच्या साली उगवायची. त्यातलीही तांबूस जायची, हिरवी राहायची. असं होता होता खाचरातली माझी पोरं भाताची सख्खी भावंडं वाटू लागली.

मग घोटीच्या गिरणीत हिरामणच्या तांदळात माझ्या पोरांचे लाल दाणे निघायला लागले. गिरणीवाला म्हणाला, "असलं पुन्हा आणू नको." हिरामणचं सगळं घर या एका खाचरावर. तो तीन सालांमागं सासुरवाडीहून जांभळ्या पानाच्या भाताचं बी घेऊन आला.

"आता हिरवं दिसलं का उपटायचं," तो बायांना म्हणाला. "आंधळ्यालाबी जमंल."

"मग तुझ्या सासऱ्यालाच धाडायचा ना निंदायला, त्याला तरी कुठं दिसतंय," शेजारची नवसाबाई म्हणाली. भागीबाईसुद्धा पदर तोंडाला लावून हसली.

त्या साली खाचरात माझं एकही पोर जिवंत राहिलं नाही. बांधावर ढीग सुकत पडले होते. मी डबक्यातून बघत होतो.

पण भात फुलोऱ्यावर आला तेव्हा वारा सुटला. त्या जांभळ्या भाताच्या फुलातली धूळ उडून माझ्या एखाददुसऱ्या फुलावर बसली. तसं फार क्वचित होतं. पुढच्या पावसात माझे दाणे वाहत खाचरात गेले आणि त्यात पाच-सहा पोरं जांभळ्या पानाची निघाली. गळायची सवय माझी, रंग बापाचा. बाया उतरल्या, हिरवं तेवढं उपटून गेल्या. त्या पाच-सहांना कुणी हात लावला नाही. त्यांचे दाणे गळले. दुसऱ्या साली ती शेकडो झाली, आणि औंदा मोजायची सोय राहिली नाही.

गेल्या आठवड्यात हिरामण कापणीला आला. लोंबीला हात लावला की दाणे खाली. अर्धं खाचर नुसता पेंढा होऊन उभं होतं. तो बांधावर बसला.

"मी सांगत होते," नवसाबाई म्हणाली, "हे रोप कुणाचं ऐकायचं नाय."

"शिकलं हे," भागीबाई म्हणाली. "आपल्या डोळ्यांदेखत रंग चोरला त्यानं. चोराची जात." मग तिनं माझ्याकडं बोट केलं. "हितूनच येतंया सगळं. डबकं बुजव."

"आये, अन् पंचमीला?"

"खाचर राहिलं तर पंचमी."

बायांनो, मी काही शिकलो नाही. मला डोकं कुठं आहे शिकायला? माझी पोरं दर साली थोडी थोडी वेगळी निघतात, एवढंच. कुणी तांबूस, कुणी हिरवं, कुणी चुकून जांभळं. कुणाला ठेवायचं ते तुमच्या हातांनी ठरवलं.

काल मुरमाच्या दोन ट्रॉल्या पडल्या. अर्धं डबकं गेलं. भागीबाई काठावर उभी राहून "हिकडं टाक, हिकडं" म्हणत होती. माझ्याकडं तिनं एकदाही पाहिलं नाही. इतकी सालं माझ्यापुढं वाकलेली बाई. उपटलं असतं तर एवढं लागलं नसतं. उपटणं मला ठाऊक आहे. शब्द देऊन मोडणं ठाऊक नव्हतं.

उरलेला मुरूम आज येईल. हिरामणला एवढंच सांगायचं होतं की डबकं बुजवून त्याचं खाचर सुटायचं नाही. जांभळ्या पोरांचे दाणे कापणीआधीच त्याच्या चिखलात पडलेत. आता त्यांना माझी गरज नाही. इथं बुजतोय तो जुना हिरवा मी, आणि तसा दुसरा या शिवारात नाही.

आषाढात ती उगवतील. उपटायची तर उपटा, ते तुमचं पोट आहे. पण चोर म्हणू नका त्यांना. तुमच्याच नजरेनं वाढवलेली पोरं आहेत ती.