पाचवं माणूस

मास्तरांनी शिलाईचं दुकान बंद करून वर्ष होतंय न होतंय, तोच त्यांच्या मुलाची मोठ्या शहरात बदली झाली. मुलगा लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या कंपनीत मेकॅनिक. शहरात रोज नव्या इमारती उभ्या राहत होत्या आणि जुन्यांच्या लिफ्टा रोज बिघडत होत्या, त्यामुळे कामाला मरण नव्हतं. प्रश्न होता तो घराचा.

मुलगा एकटाच पुढे गेला. कंपनीच्या सहाजणांच्या खोलीत एक खाट मिळाली, तिच्यावर पाठ टेकायची आणि सुट्टीच्या दिवशी घरं बघत फिरायचं. असे दोन महिने गेले. परवडणाऱ्या घराला खिडकी नसायची. खिडकी असली तर खाली पत्रे कापायचा कारखाना असायचा. एका मालकाने तर "मुलं आहेत" एवढं ऐकताच दार असं लावलं, की मुलाची बोटं थोडक्यात वाचली. शेवटी एका जुन्या दुमजली घराच्या वरच्या मजल्यावर दोन खोल्या आणि स्वयंपाकघर मिळालं. शाळा चालत जाण्यासारखी, भाडं झेपेल असं. खालच्या मजल्यावर मालकीणबाई एकट्या राहत. टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेल्या, बोलणं तोलूनमापून.

"माणसं किती?" त्यांनी विचारलं होतं. "पाण्याची टाकी लहान आहे. चार माणसांपुरतं पाणी येतं, पाचवं नको. मागच्यांनी चार सांगितली आणि सात आणली. महिनाभर मी शेजाऱ्यांच्या नळावर बादल्या घेऊन उभी होते."

"चौघंच आहोत," मुलगा म्हणाला. शब्द तोंडातून गेला तो गेलाच.

हे त्याने रात्री बायकोला फोनवर सांगितलं. मास्तर शेजारच्याच खोलीत शर्टाला काज करत बसले होते. सून बराच वेळ नुसतं "हं, हं" करत राहिली, तेव्हाच त्यांच्या लक्षात आलं की बोलणं आपल्याबद्दल आहे. घरात माणसं पाच होती. मुलगा, सून, नातू, नात आणि चार वर्षांपूर्वी बायको गेल्यापासून त्यांच्यात राहणारे ते स्वतः.

दुसऱ्या दिवशी चहा पिताना त्यांनीच विषय काढला. "त्यात काय एवढं? मी पाहुणा म्हणून येईन. पाहुण्याला कोण मोजतं?"

सून हसली. नातवाने "आजोबा पाहुणे, आजोबा पाहुणे" म्हणून घर डोक्यावर घेतलं. तेवढ्या हसण्यात निर्णय होऊन गेला.

पाहुणा शिलाई मशीन घेऊन येत नाही, म्हणून मशीन मास्तरांनी आपल्या जुन्या कारागिराला देऊन टाकलं. पाहुणा सामानाच्या टेम्पोतूनही येत नाही, म्हणून बाकीचे पुढे गेले आणि आठ दिवसांनी मास्तर एक पिशवी घेऊन बसने आले. मालकीणबाई दारातच झाडांना पाणी घालत होत्या.

"वर आलात का? मुलाकडे?"

"हो. जरा चार दिवस."

"या, या," बाई म्हणाल्या, आणि त्या दिवसापासून मास्तरांचं पाहुणेपण सुरू झालं.

सुरुवातीला गंमत वाटली. हळूहळू तिचे नियम झाले. चपला बाहेरच्या ओळीत ठेवायच्या नाहीत, आत मोरीजवळ ठेवायच्या. धोतर-सदरा गॅलरीत वाळत घालायचा नाही. आंघोळ एका बादलीत उरकायची. दात घासायचा ब्रश पिशवीतच. नातवाला जिना उतरताना "आमचे आजोबा" म्हणायची चोरी नव्हती, पण "आमच्याकडे राहतात" म्हणायची होती. मुलं शहाणी, चटकन शिकली. सूनही शिकली. पाहुण्यांसाठी ठेवलेला बशीचा कप ती मास्तरांना देऊ लागली, कारण घरातले चार कप चौघांना लागत. तिच्या मनात काही नव्हतं, हे मास्तरांना ठाऊक होतं. तरी त्या कपातला चहा त्यांना परक्या घरातला लागायचा.

वीस दिवस झाले तेव्हा मालकीणबाई जिन्यात भेटल्या. "शहर मानवलं म्हणायचं तुम्हाला!"

बोलल्या त्या हसूनच. पण मास्तर वर आले आणि त्यांनी पिशवी भरली. तिसऱ्या दिवशी राहणाऱ्या पाहुण्याची अक्कल काढतात, इथे तर विसावा दिवस होता. दोन तासांच्या अंतरावरच्या गावी त्यांची पुतणी होती, तिच्याकडे पाच दिवस राहून ते परत आले. जाताना बाईंना दिसेल असे गेले, येताना दिसेल असे आले. युक्ती लागू पडली. "आलात का परत?" एवढंच बाई म्हणाल्या.

मग दर महिन्याला तेच ठरलं. दुसऱ्या खेपेला पुतणीच्या नवऱ्याने जेवताना सहज विचारलं, "काका, तिकडे सगळं ठीक आहे ना? म्हणजे मुलाशी काही वाजलं-बिजलं नाही ना?" मास्तर म्हणाले, "छे छे!" आणि आमटीसाठी वाटी पुढे केली. सगळं सांगावं तर मुलगा खोटा पडतो, न सांगावं तर मुलगा वाईट ठरतो. त्यापेक्षा न आलेलं बरं.

तिसऱ्या महिन्यात त्यांनी घरी "पुतणीकडे जातो" म्हणून सांगितलं आणि शहराच्या दुसऱ्या टोकाला, बसडेपोच्या मागे एका लॉजमध्ये खाट घेतली. खोलीत आठ खाटा. कुणी परीक्षेला आलेला, कुणी कोर्टाच्या तारखेला. रात्रीच्या रात्री माणसं बदलत. तिसऱ्या दिवशी मास्तर तिथले सगळ्यांत जुने रहिवासी झाले आणि मॅनेजर त्यांना नळाची वेळ विचारू लागला.

संध्याकाळी मुलाचा फोन यायचा.

"बाबा, जेवलात?"

"आत्ताच जेवलो. पोरीने आग्रह करकरून वाढलं."

"गाड्यांचा फार आवाज येतोय."

"हिचं घर रस्त्यालाच लागून की रे."

फोन ठेवला की ते खाली जाऊन टपरीवर काहीबाही खाऊन येत. खोटं बोलण्याची त्यांना सवय नव्हती. आयुष्यभर लोकांची खरी मापं घेतली होती. कंबर छत्तीस झाली की छत्तीसच लिहायची, गिऱ्हाईक कितीही कुरकुरलं तरी. आता मात्र पुतणीच्या हातचं जेवण, तिच्या मुलाचा सर्दी-खोकला, सगळं ते बसल्या बसल्या शिवून तयार करत.

दिवस काढायचा कुठे, हा दुसरा प्रश्न. बागेत दुपारी कुलूप लागायचं. वाचनालयात डुलकी लागली की शिपाई टेबलावर टकटक करायचा. शेवटी त्यांना डोळ्यांचं सरकारी हॉस्पिटल सापडलं. तिथे पंखे होते, प्यायला थंड पाणी होतं आणि बाकांवर शेकडो माणसं आपापल्या नंबराची वाट बघत बसलेली. तिथे बसलेल्याला कुणी "का बसलात?" म्हणून विचारत नाही. फार तर शेजारचा विचारायचा, "तुमचा कितवा?" आणि मास्तर म्हणायचे, "अजून अवकाश आहे."

लॉजवरून तिसऱ्या महिन्यात ते घरी परतले, त्या दिवशी नात त्यांच्या मांडीवर येऊन बसली. सहा वर्षांची. पिशवीची चेन उघडझाप करत तिने विचारलं, "आजोबा, तुमचं घर कुठे आहे?"

सून ओट्याशी उभी होती. तिचा हात थांबला.

"का गं?"

"नाही, तुम्ही जाता ना मग. तिथे तुमचं कोण आहे?"

"आहेत बरेच," मास्तर म्हणाले. "आठ खाटा आहेत."

नातीचं समाधान झालं. सुनेने वळून बघितलं नाही.

चौथ्या महिन्यात, लॉजवरच्या मुक्कामाचा तिसरा दिवस. मास्तर हॉस्पिटलच्या नेहमीच्या बाकावर बसले होते, तेवढ्यात समोरून काठी टेकत एक बाई आल्या आणि नेमक्या त्यांच्यापुढे थबकल्या. मालकीणबाई.

"तुम्ही?" बाई म्हणाल्या. "तुम्ही तर परवा गावाला गेलात. मी स्वतः बघितलं."

मास्तर उभे राहिले. तोंडाशी आलेली तीन-चार खोटी उत्तरं त्यांनी चाचपली आणि त्यांना एकदम सगळ्याचा कंटाळा आला.

"गावाला नाही गेलो. डेपोमागच्या लॉजवर असतो. दर महिन्याला पाच दिवस."

"का?"

"तुमची टाकी लहान आहे म्हणून."

बाई बाकावर बसल्या. तेवढ्यात कंपाउंडरने नाव पुकारलं, त्या गेल्या, डोळ्यांत औषध घालून आल्या आणि पुन्हा तिथेच येऊन बसल्या. औषधाने डोळ्यांना धारा लागल्या होत्या. रुमालाने त्या पुसत राहिल्या.

"दीड तास काही दिसत नाही म्हणतात," त्या म्हणाल्या. "एरवी मी इथेच बसून राहते. घरी न्यायला कोण येणार?"

"मी सोडतो बसपर्यंत."

"थांबा हो. आधी बोलू." त्यांनी डोळे मिटून घेतले. "तुम्ही पाहुणे नाही हे मला दुसऱ्या महिन्यातच कळलं होतं. पाहुणा आला की घरात आवाज वाढतो. तुम्ही आलात की वरचा आवाज कमी व्हायचा."

मास्तर पुन्हा बाकावर बसले.

"मुलाने खरं सांगितलं असतं तर मी घर दिलं नसतं," बाई पुढे म्हणाल्या. "उगाच चांगुलपणा सांगत नाही. टाकी लहान आहे ती आहेच. आणि कळल्यावर बोलले का नाही म्हणाल, तर बोलले असते तर तुम्हाला काढावं लागलं असतं. घर पुन्हा रिकामं, पुन्हा नवे भाडेकरू. तुम्ही महिन्यातून पाच दिवस जात होतात, तेवढं पाणी वाचत होतं. म्हटलं, चाललंय ते चालू दे. तुम्ही पुतणीकडे-बितणीकडे जात असाल असं वाटलं. लॉजवर!"

"मग आता?"

"आता काय? बादली एकच वापरा. जास्तीचं पाणी लागलं तर सकाळी कोपऱ्यावरच्या नळावरून आणायचं, ते तुमच्या मुलाने आणायचं. आणि चपला मोरीजवळून बाहेर काढा. मी वर नळ गळतोय का बघायला आले होते, तेव्हा पाय अडकून पडणार होते."

मास्तरांनी त्यांना हाताला धरून बसमध्ये बसवलं आणि कंडक्टरला त्यांचा थांबा सांगून ठेवला. बाई खिडकीतून कुठेतरी भलतीकडेच बघून म्हणाल्या, "मी असं भेटले हे वर सांगू नका. डोळ्यांचं कुणाला माहीत नाही. एकटी बाई आंधळी होतेय म्हटल्यावर भाडेकरू भाड्याच्या तारखा विसरतात."

मास्तर लॉजवर गेले, पिशवी भरली आणि दोन दिवस आधीच संध्याकाळी घरी पोचले.

दार सुनेने उघडलं. आत चौघांची पानं मांडलेली होती. ज्या कोपऱ्यात मास्तर गादी टाकत तिथे नातवाने अभ्यासाची पुस्तकं, कंपास, नकाशा असा सगळा संसार थाटला होता. जेवण चौघांपुरतंच केलेलं. सून गडबडून म्हणाली, "अहो बाबा, परवा येणार होतात ना?" आणि लगेच आत जाऊन पुन्हा गॅस पेटवला. नातवाने पुस्तकं आवरायला घेतली, तोंड जरा पाडूनच.

मास्तर सुनेमागोमाग स्वयंपाकघरात गेले. "आता मला जायला नको. बाईंशी बोलणं झालंय."

"कधी?"

"झालं."

सून पातेल्यात ढवळत राहिली. मग हळू आवाजात म्हणाली, "गावच्या ताईंचा, तुमच्या पुतणीचा, फोन आला होता. गेल्या महिन्यात. 'काका कसे आहेत, बऱ्याच दिवसांत इकडे आले नाहीत,' म्हणाल्या."

मास्तरांनी पातेल्याचं झाकण उचलून ओट्यावर ठेवलं.

"तेव्हा तुम्ही तिकडे आहात असं सांगून गेला होतात. मी ह्यांना बोलले नाही. तुम्हालाही विचारलं नाही." तिने गॅस बारीक केला. "विचारलं असतं तर काहीतरी करावं लागलं असतं, बाबा. आणि करण्यासारखं काही सुचत नव्हतं मला. दुसरं घर कुठून आणणार होतो? म्हणून विचारलंच नाही. तुम्ही रोज कुठे झोपत असाल, ह्याचा विचार यायचा, आणि मी कपडे धुवायला घ्यायचे."

तिने पदराने डोळे पुसले. मास्तरांना वाटलं, हिच्या डोक्यावर हात ठेवावा. पण त्यांनी तो ठेवला नाही. रागावले नव्हते ते. फक्त असं वाटलं की ह्या घरात आपण नसल्याची जागा चौघांनी मिळून कधीच भरून टाकली, आणि त्यात चूक कुणाचीच काढता येत नाही.

"मीठ घातलंस का?" ते म्हणाले. "का रडण्यातच विसरलीस?"

सून रडता रडता हसली.

मुलगा उशिरा आला. सुनेने त्याला आत बोलावून दार लोटून घेतलं. बाहेर मास्तर नातीला भल्यामोठ्या सुईत दोरा ओवून दाखवत होते. तिला बाहुलीचा झगा शिवायचा होता. आतून एकही शब्द ऐकू आला नाही. थोड्या वेळाने मुलगा बाहेर आला आणि वडिलांच्या शेजारी जमिनीवर बसला. कंपनीचा शर्ट अजून अंगावरच, बाहीला काळं ग्रीस.

"बाबा," तो म्हणाला, आणि थांबला.

"बोल."

"आज एक लिफ्ट अडकली होती. सातव्या आणि आठव्याच्या मध्ये."

"मग?"

"आत माणूस होता. एकटा. पाऊण तास." मुलगा खाली बघत बोलत होता. "दाराच्या फटीतून मी त्याच्याशी बोलत होतो. ब्रेकचं लायनिंग गेलं होतं, मग वर मशीनरूममध्ये जाऊन हाताने चाक फिरवावं लागतं, जरा जरा करून..."

आणि तो सांगत सुटला. चाक कुठल्या बाजूला फिरवायचं, किती वेढ्यांना केबिन किती इंच उतरते, दोन माणसं लागतात तिथे एकट्याने कसं केलं. एरवी कामाबद्दल चकार शब्द न काढणारा मुलगा अर्धा तास बोलत होता. मास्तरांना लिफ्टमधलं ओ की ठो कळत नव्हतं. पोराला दुसरंच काही म्हणायचंय आणि ते त्याला म्हणता येत नाहीये, एवढं मात्र कळत होतं. म्हणून ते प्रत्येक वाक्याला मान हलवत राहिले, आणि तो थांबेल असं वाटलं की मध्येच विचारत, "बरं, मग पुढे?"